जहाल औषध सांडू न देणारी सिरिंज कशी बनते

कॅन्सरचं औषध पेशंटच्या शिरेत जायच्या आधी ते कुणीतरी मिक्स करतं, आणि धोक्याचं बरंचसं काम तिथेच होतं, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षातच येत नाही. आपण वॉर्डात लटकलेली सलाईनची पिशवी बघतो. त्याआधी आतल्या खोलीत एखादी सिस्टर नाहीतर फार्मासिस्ट छोट्या काचेच्या वायलमध्ये सुई घालून पाणी सोडते, पावडर विरघळेपर्यंत ती वायल फिरवते, मग हिशोब करून तेवढंच औषध ओढून घेते, हे आपल्याला दिसत नाही. पेशंटला ते औषध गरज आहे म्हणून मिळतं, मोजून मिळतं, डॉक्टरांच्या नजरेखाली मिळतं. सिस्टरला त्याची काहीच गरज नसते, तरी हातमोज्यावर पडलेला थेंब, टेबलावरचा डाग, हवेतला न दिसणारा फवारा असं थोडं थोडं तिच्याही अंगात जाऊ शकतं, आणि तिची नोकरी वीस-पंचवीस वर्षांची असते. म्हणून सिरिंजचं डिझाइन हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

ही भीती काल्पनिक नाही. १९७९ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा रिपोर्ट छापला. केमोची औषधं हाताळणाऱ्या नर्सेसची लघवी त्यांनी बॅक्टेरियावर तपासली, आणि बॅक्टेरियाच्या जनुकांमध्ये बदल घडवायची ताकद त्या लघवीत इतरांपेक्षा जास्त सापडली. म्हणजे औषध बाटलीतून निघून नर्सच्या शरीरात पोचत होतं, तेही एकही इंजेक्शन न टोचता. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने यावर सविस्तर इशारा काढला. धोकादायक औषध कशाला म्हणायचं तेही त्यांनी ठरवून दिलंय: ज्याने कॅन्सर होऊ शकतो, गर्भाला इजा होते, मूल होण्यात अडचण येते, अगदी कमी डोसला अवयव बिघडतात, किंवा जनुकांना धक्का लागतो, यातलं एक जरी लागू झालं तरी ते औषध त्या यादीत जातं. त्यामुळे यादीत फक्त केमो नाही, काही हार्मोनची औषधं आहेत, काही व्हायरसवरची आहेत.

आता पहिला प्रश्न असा पडतो की एवढं जहाल आहे तर कंपनीनेच तयार द्रव भरून का देऊ नये, मिक्स करायची वेळच कशाला आणायची? तर बऱ्याच औषधांना पाणी सोसत नाही. पाण्यात राहिली की त्यांचे रेणू हळूहळू तुटतात आणि काही दिवसांत, कधी कधी काही तासांतच, औषध निकामी होतं. म्हणून कारखान्यात ते विरघळवून गोठवतात आणि व्हॅक्यूममध्ये ठेवून बर्फाची थेट वाफ करून टाकतात, याला फ्रीझ ड्राय म्हणतात. मागे उरते ती कोरडी, भुसभुशीत वडी, जी दोन-तीन वर्षं टिकते. टिकाऊपणासाठी पावडर हवी आणि टोचायला द्रव हवा, आणि पावडरचा द्रव करायची जी पायरी मध्ये येते तिथेच सगळी भानगड आहे.

भानगड नक्की काय होते ते नीट बघू, कारण हे कळलं की पुढची सगळी डिझाइनं आपोआप समजतात. वायल म्हणजे रबरी बूच लावलेली बंद बाटली. समजा आत २० मिली हवा आहे आणि तळाला थोडी पावडर. तुम्ही सुईने १० मिली पाणी आत ढकललं. पाणी काही दबत नाही, हवा दबते, मग २० मिलीत पसरलेली हवा आता १० मिलीत कोंबली गेली आणि आतला दाब दुप्पट झाला. आता सुई बाहेर ओढली की बुचाला पडलेल्या भोकातून तो दाब बाहेर धावतो आणि सोबत औषधाचे बारीक बारीक थेंब घेऊन येतो. डोळ्यांना ते दिसतीलच असं नाही. याच्या उलटही होतं, औषध ओढून घेताना आत व्हॅक्यूम तयार होतो, प्लंजर (सिरिंजचा दट्ट्या) आपोआप पुन्हा आत खेचला जातो, डोस चुकतो, आणि सिस्टर वैतागून हवा सोडते की पुन्हा दाब. म्हणून जुन्या, अनुभवी हाताच्या सिस्टर थोडं पाणी आत, थोडी हवा बाहेर असं करत करत जातात आणि बाटलीतला दाब कायम बाहेरच्यापेक्षा किंचित कमीच ठेवतात. ही पद्धत बरोबर आहे, शिकवलीही जाते. पण सकाळी डे केअरला पेशंटची रांग लागलेली असताना प्रत्येक वायलला हे तितक्याच शांतपणे करायचं, आणि ते जमलं नाही तर दोष तिचा, हे मला अजिबात पटत नाही. माणूस थकतो हे धरूनच वस्तू बनवायला हवी.

साध्या सिरिंजमध्येही काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात. नुसती दाबून बसवायची सुई जहाल औषधाला चालत नाही, कारण दाब आला की ती सुटते आणि सगळं अंगावर येतं, त्यामुळे पिळून बसणारं लुअर लॉक हवं. सिरिंज काठोकाठ भरायची नाही, पाऊण भागापर्यंतच, नाहीतर प्लंजर मागून निसटून बाहेर यायचा. हे सगळं सेफ्टी कॅबिनेटमध्ये, हवा आत खेचली जाते अशा ठिकाणी, दोन-दोन हातमोजे घालून करायचं असतं. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत ही सोय असते, छोट्या नर्सिंग होममध्ये सगळीकडे असेलच असं धरून चालता येत नाही.

मग बंद पद्धतीची जोडणी आली. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कार्मेल फार्मा या कंपनीने नव्वदच्या दशकात फेसील नावाचं साधन आणलं, पुढे ती कंपनी बीडी या अमेरिकन कंपनीने घेतली. कल्पना दोन आहेत आणि दोन्ही सुंदर आहेत. पहिली, वायलच्या डोक्यावर एक टोपी बसवायची, तिला एक छोटा फुगा जोडलेला, म्हणजे पाणी आत गेलं की जास्तीची हवा फुग्यात जाते, औषध ओढलं की फुग्यातून परत येते, आणि बाटलीतला दाब जिथल्या तिथे राहतो. वरचं २० मिलीचं गणित आठवा, इथे हवा कोंबलीच जात नाही. दुसरी कल्पना जोडणीची. सिरिंजच्या टोकाला एक पडदा, वायलच्या टोपीला एक पडदा, दोन्ही एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि मगच आत लपलेली सुई दोन्ही पडद्यांतून पार होते. परत येताना पडदे सुईला पुसून घेतात, सुई आत जाते, पृष्ठभाग कोरडा राहतो. सुई उघड्यावर येतच नाही त्यामुळे टोचायचीही भीती नाही.

काही कंपन्यांनी फुग्याऐवजी फिल्टर लावला. हवा फिल्टरमधून ये-जा करते, थेंब अडकतात, साधन छोटं होतं. पण काही औषधं खोलीच्या तापमानालाही थोडीफार वाफ होऊन उडतात, कारमुस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड यांच्याबद्दल ही काळजी असते, आणि थेंब अडवणारा फिल्टर वाफ अडवेलच असं नाही. त्यामुळे 'बंद' म्हणजे नक्की किती बंद यावर या क्षेत्रात बराच वाद झालाय. नायॉशने २०१५ मध्ये चाचणीचा एक मसुदा काढला, त्यात खऱ्या औषधाच्या जागी पटकन उडणारं अल्कोहोल वापरून साधनातून किती वाफ निसटते ते मोजायचं ठरलं होतं. द्रवाची गळती बघायची साधी पद्धत म्हणजे चमकणारा रंग पाण्यात घालून सगळी कृती करायची आणि मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिवा लावायचा, कुठे कुठे डाग पडले ते लख्ख दिसतं. ही चाचणी प्रत्येक नर्सिंग कॉलेजात करून दाखवावी असं मला वाटतं, कारण आपल्याच मनगटावर हिरवट डाग चमकलेला बघितल्यावर वेगळं लेक्चर द्यायची गरज उरत नाही.

अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत झालेल्या यूएसपी ८०० या नियमावलीत पेशंटला केमो देताना, औषधाचा प्रकार तसा असेल तर, अशी बंद जोडणी वापरायलाच हवी असं आहे, आणि मिक्स करताना वापरावी अशी शिफारस आहे. पण २०१८ मध्ये कोक्रेन गटाने सगळे अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा इतर काळजीच्या जोडीला हे साधन सर्रास वापरल्याने कर्मचाऱ्यांना जास्तीचा फायदा होतो की नाही, हे कुठल्याच बाजूने ठामपणे सांगण्याएवढा पुरावा मिळाला नाही. याचं एक कारण मला फार बोलकं वाटतं: कंपनीतून आलेल्या नव्या कोऱ्या वायलच्या बाहेरच्या काचेवरच औषधाचे अंश सापडतात. म्हणजे बूच कितीही बंद ठेवा, खोक्यातून बाटली उचलतानाच हाताला लागलं. त्यामुळे साधन घेतलं म्हणून हातमोजे सोडले असं होऊ शकत नाही.

आणि मग प्लास्टिकचा प्रश्न. बेंडामुस्टिन नावाचं रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध आहे, ते आधी पावडर म्हणून यायचं. नंतर तयार द्रवही आला, म्हणजे पावडर विरघळवायची पायरी वाचली, सगळ्यांना बरं वाटलं असणार. पण ते द्रवात टिकावं म्हणून त्यात डायमिथाइल-अ‍ॅसिटामाइड नावाचं सॉल्व्हंट होतं, आणि ते पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लास्टिकला खातं. नेमकी हीच प्लास्टिकं बंद जोडणीच्या बऱ्याच साधनांत वापरलेली. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेला इशारा काढावा लागला की हा द्रव अशा साधनांत भरू नका, प्लास्टिक विरघळून सिरिंज गळू शकते आणि प्लास्टिकचे कण औषधात मिसळू शकतात, पॉलिप्रोपिलीनची सिरिंज घ्या, आणि बंद साधनच वापरायचं असेल तर पावडरवालं औषध वापरा. सुरक्षेसाठी आणलेलं साधन औषधानेच कुरतडलं. या क्षेत्रात असं होतं, एक भोक बुजवलं की दुसरीकडून गळतं, त्यामुळे औषध आणि त्याचं भांडं एकत्रच तपासावं लागतं. सिसप्लॅटिन अ‍ॅल्युमिनियमच्या सुईशी रिअ‍ॅक्ट होतं, पॅक्लिटॅक्सेलच्या द्रवामुळे पीव्हीसीच्या नळीतला मऊपणा आणणारा पदार्थ पाझरून बाहेर येतो, प्रत्येकाचं काहीतरी वेगळं.

इथवर आपण मिक्स करायची कृती सांभाळत होतो. ती कृती बाहेर ठेवायचीच कशाला, सिरिंजच्या आतच का करू नये, हा विचार म्हणजे दोन कप्प्यांची सिरिंज. एकच काचेची नळी, पुढच्या कप्प्यात कोरडी पावडर, मागच्या कप्प्यात पाणी, मध्ये रबरी बूच, आणि पाण्याच्या मागे दुसरं बूच ज्याला दांडा जोडलेला. नळीच्या भिंतीला एका ठिकाणी बाहेरच्या बाजूने छोटासा फुगवटा दिलेला असतो. दांडा दाबला की पाणी मधल्या बुचाला पुढे ढकलतं, बूच सरकत सरकत त्या फुगवट्याशी येतं, आणि तिथे नळी बुचापेक्षा रुंद असल्यामुळे पाण्याला बाजूने वाट मिळते. गोटी सोडा फोडताना काय होतं ते आठवा, गळ्याशी घट्ट बसलेली गोटी खाली रुंद भागात ढकलली की तिच्या बाजूने वाट मोकळी होते, अगदी तसंच. सगळं पाणी पुढे गेलं की मागचं बूच मधल्या बुचाला येऊन टेकतं, फुगवटा बंद होतो, आणि आता दोन्ही बुचं मिळून एकच प्लंजर बनतात. हलवा, हवा काढा, टोचा. वायल नाही, अ‍ॅम्प्यूल नाही, मध्ये सुई काढणं-घालणं नाही.

बघायला सोपं वाटतं, बनवायला अवघड आहे. फ्रीझ ड्राय करताना उष्णता औषधापर्यंत पोचवावी लागते, आणि बसक्या तळाच्या वायलपेक्षा लांब बारीक नळीत ती नीट पोचत नाही, त्यामुळे वेळ जास्त लागतो. मग रबराचा प्रश्न, कारण रबर स्वतःच थोडी ओल धरून ठेवतं, ती ओल वर्षभरात हळूहळू पावडरीत गेली तर एवढं सुकवून काय उपयोग, म्हणून बुचं आधी भट्टीत कोरडी करतात. मधल्या बुचाने दोन-दोन वर्षं पाण्याचा एक कणही पुढे जाऊ द्यायचा नाही, आणि वापरायच्या दिवशी मात्र अंगठ्याने दाबल्यावर मऊपणे सरकायचं, या दोन उलट्या मागण्या आहेत. सरकावं म्हणून काचेला आतून सिलिकॉन तेल लावतात, जास्त लावलं तर प्रोटीनची औषधं त्या तेलाच्या थेंबांवर गोळा होतात, कमी लावलं तर बूच अडकतं आणि मग जोर लावून दाबलं की झटक्यात पुढे जातं.

ही सिरिंज खऱ्या वापरात कशी दिसते त्याचं चांगलं उदाहरण ल्यूप्रोलाइड. प्रोस्टेट कॅन्सर, एंडोमेट्रिओसिस, मुलांना फार लवकर वयात येण्याचा त्रास, अशा कारणांसाठी हे देतात. हार्मोन दाबणारं औषध असल्यामुळे गरोदर सिस्टरने त्याच्यापासून जपायला हवं. अमेरिकेत ल्यूप्रॉन डेपो (ल्यूप्रोलाइडचं शरीरात हळूहळू सुटणारं इंजेक्शन) दोन कप्प्यांच्या सिरिंजमध्ये मिळतं. सूचना अशा आहेत की सिरिंज उभी धरा, दांडा ६ ते ८ सेकंद घेऊन सावकाश दाबा, मधलं बूच निळ्या रेषेशी आलं की थांबा. जोरात दाबलं किंवा रेषेच्या पुढे गेलं तर औषध सुईतून गळतं. उभी का धरायची, तर हवा वर राहावी आणि बाहेर जाताना तीच जावी, औषध नाही. औषधाचे सूक्ष्म गोळे पाण्यात तरंगतात, विरघळत नाहीत, म्हणून दुधासारखं दिसेपर्यंत हलवायचं आणि लगेच द्यायचं, नाहीतर ते खाली बसतात. टोचून झालं की सुईवर संरक्षक आवरण सरकवायची सोय सिरिंजलाच आहे.

आपल्याकडे हेच औषध बऱ्याचदा किट म्हणून येतं, म्हणजे पावडरची वायल वेगळी, पाण्याचं अ‍ॅम्प्यूल वेगळं, सिरिंज वेगळी, आणि सगळ्या पायऱ्या परत सिस्टरच्या हातात. तिसराही प्रकार आहे, एलिगार्ड या ब्रँडचा, त्यात दोन सिरिंज एकमेकींना जोडून औषध इकडून तिकडे, तिकडून इकडे पुन्हा पुन्हा ढकलत मिसळायचं असायचं. २०२० मध्ये युरोपच्या औषध संस्थेने ल्यूप्रोरेलिनच्या (तेच औषध, युरोपातलं नाव) अशा डेपो इंजेक्शनांचा आढावा घेतला, तेव्हा तयार करताना चुका झाल्याचे, सिरिंज गळल्याचे आणि त्यामुळे काही पेशंटना कमी डोस गेल्याचे रिपोर्ट समोर आले. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटला कमी डोस म्हणजे उपचारच अर्धवट. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं पाऊल: नुसतं 'नीट ट्रेनिंग द्या' एवढ्यावर न थांबता एलिगार्डच्या कंपनीला ते साधनच बदलून हाताळायला सोपं आणायला सांगितलं गेलं.

मग सगळीच केमो दोन कप्प्यांत का भरत नाहीत? डोसमुळे. ल्यूप्रोलाइडचा डोस ठरलेला असतो, महिन्याचा एक, तीन महिन्यांचा एक. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं शरीराच्या क्षेत्रफळावर मोजतात. समजा चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम ठरलं, तर दीड चौरस मीटरच्या बाईला ९० आणि १.८ च्या माणसाला १०८ मिलिग्रॅम लागणार, त्यात रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर कमी-जास्तही करणार. कारखान्यात भरलेली सिरिंज इथे कामाची नाही, इथे वायल आणि बंद जोडणीच लागते. ठरलेल्या डोसच्या औषधांत मात्र सिस्टरला वायल-अ‍ॅम्प्यूल फोडायला लावणं मला चुकीचं वाटतं, किंमत वाढते हे मान्य करूनही. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये मिळतं ते यासाठीच, पेशंट घरी स्वतः टोचतो आणि त्याला वायल हाताळावी लागत नाही.

कधी कधी योग्य डिझाइन म्हणजे सिरिंजच नको, असंही असतं. विनक्रिस्टिन हे शिरेतून द्यायचं औषध चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो. २००१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला अठरा वर्षांच्या एका मुलाचा असाच मृत्यू झाला. कारण साधं आहे, कण्यात द्यायचं औषधही सिरिंजमध्ये असतं आणि विनक्रिस्टिनही सिरिंजमध्ये, दोन्ही सारख्या दिसतात, दोन्ही त्याच सुईला बसतात. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की विनक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत पातळ करून द्या, कारण अख्खी पिशवी कण्यात रिकामी करायला कुणी जाणार नाही. लेबलवर इशारा आधीही होताच. पुढे कण्याच्या इंजेक्शनांसाठी नेहमीच्या सुईला बसणारच नाही असा वेगळा जोडही आयएसओच्या मानकात आला.

शेवटचा भाग कचऱ्याचा, आणि हाही डिझाइनमध्येच धरायला हवा. टोचून झाल्यावर सिरिंजच्या टोकात, सुईत, बुचाच्या कडेला थोडं औषध उरतंच. ते जितकं कमी तितकं बरं, म्हणून बुचाचा पुढचा आकार नळीच्या टोकाशी जुळवून घेतात. आपल्या २०१६ च्या बायोमेडिकल कचऱ्याच्या नियमांत जहाल केमो औषधं आणि त्यांनी माखलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत टाकायच्या आणि १२०० अंशांच्या वर जाळायच्या असं आहे. हॉस्पिटलच्या नेहमीच्या कचऱ्याच्या भट्टीत दुसऱ्या कप्प्याचं तापमान १०५० च्या आसपास असतं, त्यामुळे हा कचरा वेगळा ठेवणं हाच सगळ्या हिशोबाचा पाया आहे. घरी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी रिकामी सिरिंज ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, सुईला परत टोपण लावायच्या भानगडीतही पडू नये, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात गोळा करावी आणि पुढच्या तपासणीला जाताना तो डबा हॉस्पिटलमध्ये नेऊन द्यावा, आणि तिथे घेत नसतील तर कुठे द्यायचा ते त्यांच्याकडून लिहून घ्यावं.